घट्टे नसलेला हात

माझ्या वहिनींच्या हाताला गुण आहे, असं हल्ली आमच्या इमारतीत जो तो म्हणतो. तळमजल्यावरचा शिंपी म्हणतो, वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली म्हणते. सरडासुद्धा येऊन बसतो हो हातावर, काय जादू आहे! ऐकलं की माझं डोकं तापतं. गुण नाही, जादू नाही. काम आहे. त्या काम करत होत्या तेव्हा तुम्ही त्यांना रिकामटेकड्या म्हणत होता. काम पुरं झाल्यावर त्याला जादू म्हणायचं, म्हणजे केलेलं सगळं पुसून टाकायचं आणि वर कौतुक केल्याचा आव आणायचा.

मी उभं आयुष्य पाइप बसवले. पाइप गळला नाही तर कुणी जादू म्हणत नाही. नीट बसवलाय, म्हणतात. वहिनींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. म्हणून झालं ते सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाआधीपासून त्या दिव्यांच्या कारखान्यात होत्या. हॅलोजनचे दिवे, बोटाच्या पेराएवढे. तपासणीच्या टेबलावर बसायचं. पट्ट्यावरून दिवा आला की उचलायचा, उजेडासमोर धरायचा, काचेत बुडबुडा नाही ना, तार सरळ आहे ना, बघायचं आणि खाचेत ठेवायचा. की पुढचा. उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा तेलकट डाग काचेवर राहिला तर दिवा पेटल्यावर काच नेमकी तिथे जास्त तापते आणि फुटते. म्हणून पांढरे सुती हातमोजे. कामावर बसताना चढवायचे, उठताना उतरवायचे.

त्यामुळे झालं असं, की इतकी वर्षं कारखान्यात राबूनही या बाईचे हात मऊ राहिले. माझे हात बघा. पाना धरून तळव्याला घट्टे पडलेत, दोन बोटं सरळ होत नाहीत. कुणीही बघावं आणि ओळखावं, हा राबलाय. वहिनींचा हात बघून आमच्या नात्यातल्या बायका म्हणायच्या, हिला काय, बसून काम, हाताला माती नाही. तोंडावर म्हणायच्या, हसत.  वहिनींची मान पुढे झुकली ती झुकलीच, डोळे लवकर अधू झाले, ते कुणाला दिसलं नाही. घट्टा मानेवर पडत नाही ना.

भाऊ गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. दुसऱ्या बायका सुट्टीवर गेल्या की वहिनी त्यांच्या जागी बसायच्या. मुलगा असा वाढवला. पुढे तपासणीला यंत्र आलं आणि त्या टेबलावरच्या सगळ्या बायका एकाच आठवड्यात घरी बसल्या. येताना वहिनींनी हातमोज्यांचे काही जोड आणले. डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवले. कशाला ठेवताय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "असू देत भावोजी. लागतील कधी."

तो मुलगा म्हणजे माझा पुतण्या. गाड्यांच्या शोरूममध्ये विकायला उभा असतो. वाईट नाही, पण उतावळा. त्याला प्रत्येक गोष्ट तयार हवी. त्याच्या भिंतीवर गिटार आहे, तिच्या तारा गंजल्या. पलंगाखाली व्यायामाचं सामान आहे, त्यावर चादरी वाळतात. मासे आणले होते, ते गेले, काचेची पेटी तेवढी उरली. त्या पेटीत एक दिवस त्याने सरडा आणून ठेवला.

आपला कुंपणावरचा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा, लांबच्या कोरड्या मुलखातला. मोठा झाला की हातभर होतो. हा पिल्लू होता. करंगळीपेक्षा थोडं मोठं धड, तेवढीच शेपटी. गळ्याखाली काट्यांची मऊ झालर. घाबरला की ती फुगवतो आणि काळी करतो, तीच दाढी. पुतण्याने त्याचं नाव किंग ठेवलं. दुकानदाराने सांगितलं होतं, दोन दिवसांत खांद्यावर बसायला लागेल, आणि नाहीच बसला तर महिनाअखेरपर्यंत बदलून मिळेल. मी विचारलं, बदलून म्हणजे? तर पुतण्या म्हणाला, म्हणजे दुसरा पीस.

पीस! जिवंत जनावर, आणि पीस.

मला दाखवायला बोलावलं आणि दाखवलं कसं, तर एका हातात फोन चालू करून धरला आणि दुसरा हात वरून पेटीत घातला. पिल्लाने दाढी काळी केली, तोंड वासलं, अंग चपटं केलं. पुतण्या म्हणतो, बघा काका, ॲटिट्यूड. त्याने ते पाठीवरून चिमटीत उचललं. पिल्लू वळवळलं, सुटलं आणि सोफ्यावर पडलं. फरशीवर पडलं असतं तर संपलंच होतं. तिसऱ्या दिवशी याचा उत्साह मावळला. हा पीस खराब आहे, म्हणाला, महिनाअखेरीला बदलून आणतो. पेटी त्याच्या खोलीत अडचण करत होती, त्याला खायला आणलेल्या रातकिड्यांचा डबा किरकिर करत होता. दोन्ही आईच्या खोलीत नेऊन ठेवलं. अडगळ ठेवायची तशी.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. माझ्या पुतण्याची धाव तिथवरही जात नाही.

वहिनींनी पहिलं काम काय केलं, तर पेटीतल्या दिव्याखाली तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला. म्हणाल्या, "याच्याने कपातला चहासुद्धा गरम राहायचा नाही." आम्ही दोघं दुकानात गेलो, जास्त उबेचा दिवा आणायला.

ते दुकान मी विसरणार नाही. भिंतीभर पेट्या, सगळ्यांतले दिवे बंद. एका पेटीत दाढीवाल्यांची पिल्लं एकमेकांवर रचल्यासारखी. मोठी वर, लहान खाली. कुणाला बोटं नव्हती, कुणाच्या शेपटीचा शेंडा नव्हता. वहिनींनी विचारलं, हे असं कशाने. दुकानदार म्हणाला, आजी, ही बदलून आलेली आहेत, एकत्र ठेवावी लागतात, चावतात एकमेकांना, चालायचंच. मग त्याने त्यातलंच एक उचललं आणि तळव्यावर उताणं केलं. पिल्लू हललं नाही. बघा, झोपलं, म्हणाला, किती माणसाळलंय! वहिनींनी बोट लावलं आणि म्हणाल्या, "गार आहे हो हे."

"थंड रक्ताचाच प्राणी आजी. गारच असणार." आणि हसला. सरडा रंग बदलतो म्हणून बदनाम. या माणसाने उभ्या उभ्या तीन रंग दाखवले. आधी गोड, मग हुशार, मग घाईत.

 परत येताना वहिनी फाटकाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "आपला त्या पेटीत गेला तर सगळ्यांच्या खाली जाईल. सगळ्यात लहान तोच आहे."

आपला म्हणाल्या. तेव्हा मला कळलं, की महिनाअखेर आता या बाईच्या मानेवर बसली आहे. मुलाशी भांडणं हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांना एकच रस्ता माहीत होता. काम करायचं. पिल्लू हातावर यायला लागलं, तर बदलायचं कारणच उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तर वहिनी पेटीसमोर स्टुलावर बसलेल्या. मान पुढे, पाठ ताठ, जशा टेबलावर बसत असतील तशा. आणि हातात काय? पांढरे हातमोजे.

आता हसू येतं, पण तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं. नाजूक वस्तू उघड्या हाताने धरायची नाही, हे या बाईच्या हाडात मुरलेलं. कारखान्यात इतकी वर्षं तेच केलं, दुसरं काही सुचणार कसं? सकाळी बसायच्या, दुपारी बसायच्या. हात पेटीच्या तळाशी ठेवून द्यायचा आणि हलवायचा नाही. पिल्लू आधी लाकडाच्या ओंडक्यामागे लपायचं. मग डोकं काढायला लागलं. मग पुढचा एक पाय उचलून हवेत गोल फिरवायला लागलं, हात हलवून निरोप दिल्यासारखा. पुतण्या म्हणाला, टाटा करतोय. टाटा कसला! मोठ्या सरड्यासमोर लहान पिल्लू तसं करतं. मी लहान आहे, मला मारू नका. हे आम्हाला मागाहून कळलं.

या दिवसांत कोण काय बोललं ते माझ्या कानात आहे. शिकवणीवाली दारातून डोकावली आणि म्हणाली, आजींना बरा विरंगुळा मिळाला. शिंप्याने मला विचारलं, वहिनी ठीक आहेत ना, दिवसभर पेटीत हात घालून बसतात म्हणे. पुतण्या म्हणाला, आईला काय, बसायचंच तर आहे. अरे, बसून दाखव. हात टेकवून, न हलवता, खांदा भरून येईपर्यंत बसून दाखव. मी एकदा बसलो. पाना धरणारा माणूस मी, पण थोड्या वेळात माझा हात थरथरायला लागला आणि पिल्लू ओंडक्यामागे पळालं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, उठा आता. माझी सकाळ फुकट घालवलीत."

शेवटी ते पिल्लू मोज्यावर आलं. एक पाय, मग दुसरा, मग सगळं. वहिनींनी मला हाक मारली, तीही दबक्या आवाजात. मी आलो. दोघंही ओठ मिटून बघत राहिलो. आणि मग पिल्लाने उतरायला पाय उचलला, तर नखी मोज्याच्या सुतात अडकलेली. ओढलं. आणखी अडकली. घाबरून त्याने सगळं अंग झटकलं आणि नखी मुळातून फाटली. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा ठिपका, मोहरीएवढा.

 वहिनींनी मोजा काढला आणि त्या ठिपक्याकडे बघत बसल्या. माझी चिडचिड झाली. त्यांच्यावरच झाली, दुसरं कोण होतं तिथे? म्हटलं, कशाला हवे होते हे मोजे, तो काय काचेचा आहे? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या हाताचा डाग पडेल."

पिल्लू घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण पोरगी, पण कामाची पक्की. नखीला औषध लावता लावता तिने सगळं समजावून दिलं आणि वहिनींनी एकेक शब्द ऐकून घेतला. हातमोजा नको, नख्या अडकतात, आणि जनावराला तुमचा वास ओळखू दे. वरून हात घालायचा नाही, वरून घार येते, हे त्याच्या रक्तात आहे. बाजूने यायचं, त्याला दिसेल असं, हळू. उचलायचं पोटाखालून, चारी पाय आणि शेपटीचं मूळ तळव्यावर टेकलं पाहिजे. शेपटी ओढायची नाही, तुटली तर परत येत नाही. उताणं कधीच करायचं नाही, त्याला श्वास घेता येत नाही, ते झोपत नाही, गुदमरतं. कात टाकत असला तर उचलायचं नाही आणि कात ओढायची तर मुळीच नाही. जमिनीजवळ बसून धरायचं, म्हणजे उडी मारली तरी जगेल. आधी हात धुवायचे त्याच्यासाठी, नंतर धुवायचे आपल्यासाठी, याच्या अंगावरच्या जंतूंनी माणसाचं पोट बिघडतं. आणि ऊब. "गारठलेला सरडा गप्प असतो," ती म्हणाली, "लोकांना वाटतं माणसाळला. त्याला पळायचं असतं, अंगात ताकद नसते."

वहिनींनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. दुकानातल्या त्या बंद दिव्यांचं कोडं सुटलं.

घरी आल्यावर मोजे परत कपाटात गेले आणि काम पहिल्यापासून सुरू झालं. पहिल्यापासून म्हणजे त्याच्याही मागून. पिल्लू पांढऱ्या मोज्याला सरावलं होतं, उघड्या हाताला नाही. शिवाय आता त्याला हात म्हणजे दुखणं हे ठाऊक झालं होतं. पायरी चढलेल्या माणसाला खाली ढकलून वर चल म्हणावं, तसं. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. वहिनींनी हात धुतले, पुसले आणि पेटीत ठेवले. उघडे. मला वाटतं, कामाला उघडा हात लावायची त्यांची ही पहिलीच वेळ.

आधी हात नुसता ठेवला. मग तळव्यावर कोवळ्या पाल्याचा तुकडा ठेवला. मग लहानसा रातकिडा चिमटीत धरून दिला, पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नाही, नाहीतर घशात अडकतो. खाल्लं की त्या दिवशी पुन्हा त्रास नाही. दाढी काळी झाली की हात तिथेच ठेवायचा, मागे घ्यायचा नाही आणि पुढेही न्यायचा नाही. शांत झाला की मग काढायचा. भांडत असताना काढला तर त्याला कळतं, भांडलं की हात जातो. एवढं सगळं आणि दिसायला काय, तर म्हातारी स्टुलावर बसली आहे.

वहिनींची सून भली. तिने एकच नियम केला, सरडा स्वयंपाकघरात येणार नाही, आणि मोरीशी वेगळा साबण आणून ठेवला. नवऱ्याला म्हणाली, तुझ्या आईकडून शीक काहीतरी. तो म्हणाला, मला वेळ कुठे आहे. फोनमध्ये दुसऱ्यांचे सरडे बघायला याला वेळ असतो.

वहिनी त्याला किंग म्हणत नसत. हात ठेवताना म्हणायच्या, "या दाढीवाले, बसा." आणि एका सकाळी दाढीवाले आले. आधी हनुवटी टेकली, बोटावर. डोळा मिटला, उघडला. मग पुढचे पाय, मग पोट, ते उबदार होतं. वहिनी हलल्या नाहीत. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला होता, तोही पुसला नाही.

आता सगळं नीट व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण पुतण्याला कळलं.

त्याने शोरूममधल्या साहेबाला आणि आणखी काही जणांना सुट्टीच्या दिवशी चहाला बोलावलं. आईने एवढं केलंय तर दाखवावं म्हणून नाही. माझा सरडा बघायला या, असं सांगून. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! वहिनींनी त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, अंगावरचा रंग फिका पडलाय, कात टाकणार आहे, उद्या त्याला धरायचं नाही. तो बरं म्हणाला.

त्या दुपारी वहिनी आणि मी पाला आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर बैठकीच्या खोलीत हशा चाललेला. दाढीवाला साहेबाच्या तळव्यावर. तिथून एका बाईंच्या हातावर. तिथून पुतण्याच्या खांद्यावर. सगळ्यांचे फोन बाहेर. पिल्लू हलत नव्हतं. अंगाचा रंग काळपट झालेला, डोळे अर्धे मिटलेले. साहेब म्हणत होता, कमाल आहे, कुत्र्याला जमत नाही ते तू सरड्याला शिकवलंस. आणि पुतण्या मान झुकवून हसत होता. शिकवलंस!

वहिनींनी पिशवी खाली ठेवली. हात धुतले. हो, तेव्हाही आधी हात धुतले. पुढे होऊन पिल्लाच्या पोटाला बोट लावलं आणि तशाच वळून खोलीत गेल्या. मी मागे गेलो. पेटीतला दिवा बंद. सवयीने त्यांनी तो फिरवून काढला आणि खिडकीसमोर धरला. तार शाबूत होती. मग खाली बघितलं. पिन बोर्डातून काढून फरशीवर टाकलेली.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "दिवा कुणी काढला?"

"अगं, थोडा वेळच आई. दुकानदारानेच सांगितलं फोनवर, पाहुणे यायच्या आधी तासभर बंद ठेवा, गाईसारखा बसतो."

पाहुणे हसले. वहिनींनी त्याच्या खांद्याशी तळहात लावला, बाजूने, आणि दुसऱ्या हाताने पिल्लाला पोटाखालून त्यावर सरकवलं. ओढाताण नाही. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "तुला बर्फात बसवलं तर तूही गाईसारखा बसशील."

एवढंच. आवाज चढवला नाही. पण खोली गार पडली. साहेबाने हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. सुनेने सगळ्यांना सांगितलं, हात धुऊन घ्या, साबण मोरीशी आहे, आणि ज्या बाईंनी पिल्लू धरून मग दोन बिस्किटं खाल्ली होती त्या पोटावर हात ठेवून उठल्या.

पाहुणे गेल्यावर पुतण्या भडकला. साहेबासमोर माझी शोभा केलीस, म्हणाला. उद्या शेवटचा दिवस आहे, उद्या हा जातो. मी मध्ये बोललो. म्हटलं, आईने तो हातावर आणला, आणखी काय पाहिजे तुला? तो म्हणाला, काका, माझ्याकडे येत नाही तो. मी आणला ना, मग माझ्याकडे यायला नको? मोठा तयार बघून आणतो.

याचं म्हणणं ऐकून घ्या. जनावर आणलं याने म्हणून जनावराने याला ओळखावं. बोर्डावर नाव लिहिलं की दुकान चालायला लागतं, असं वाटणारी माणसं ही.

सकाळी त्याने मला बोलावलं, आईला समजावा म्हणून. मी गेलो, पण समजवायला नाही. त्याच्या हातात बुटांचं खोकं होतं, झाकणाला भोकं पाडलेली. वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सून दारात. पेटीत दिवा पेटलेला, दाढीवाला ओंडक्यावर, पूर्ण तापलेला, डोळे टक्क उघडे. पाठीवर कातीचा एक तुकडा सुटून आलेला.

पुतण्याने हात घातला. वरून. दाढी काळी झाली, तोंड वासलं, फिस्स असा आवाज आला. त्याने हात मागे घेतला, पुन्हा घातला. पिल्लू या टोकाचं त्या टोकाला. त्याने टॉवेल आणला आणि टाकायला उचलला, मग थांबला. म्हणाला, शेपटी तुटली तर दुकानदार घेणार नाही, त्याला धडधाकट पाहिजे. सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस, मी रातकिड्यांच्या डब्यालाही हात लावत नाही. माझ्याकडे बघितलं. मी माझी वाकडी बोटं दाखवली.

मग तो आईकडे वळला. आवाज मऊ केला. "आई, तूच ठेव ना त्याला खोक्यात. तुझ्याकडे येतो तो."

मला राग आला तो इथे. आधीचा सगळा राग या रागापुढे काहीच नव्हता. खांदा भरून येईपर्यंत बसली ती ही. लोकांचं ऐकलं ते हिने. आणि त्या श्रमाचा उपयोग याला काय सुचला, तर तेच श्रम वापरून पिल्लू खोक्यात घालायचं. मी तोंड उघडणार होतो. वहिनी उठल्या म्हणून थांबलो.

त्या मोरीशी गेल्या. हात धुतले, पुसले. स्टूल ओढून बसल्या आणि पेटीत हात ठेवला, बाजूने, तळवा वर करून. पुतण्याने झाकण काढून खोकं जवळ आणलं. त्याचा चेहरा सुटलाच होता.

दाढीवाल्याची दाढी काळीच होती. वहिनी थांबल्या. तो हलला नाही, वहिनीही नाहीत. हळूहळू काळं उतरलं. मग हनुवटी टेकली, पाय आले, पोट आलं. वहिनींनी हात वर घेतला आणि छातीशी धरला. खोकं पुढे आलं. त्यांनी खोक्याकडे बघितलं नाही.

म्हणाल्या, "मी त्याला हातावर यायला शिकवलं. खोक्यात जायला नाही. ते तू शिकव."

"किती दिवस लागतील?"

"मला लागले तेवढे."

"आई, दुकान आज संध्याकाळपर्यंतच परत घेतं."

"मग उशीर झाला तुला," वहिनी म्हणाल्या.

पुतण्या खोकं धरून उभा राहिला. जबरदस्ती करावी तर पिल्लू मोडेल, आईच्या हातातून हिसकावून घ्यावं एवढा तो वाईट नाही, आणि बसून शिकवायला त्याच्याकडे बूड नाही. शेवटी सून म्हणाली, बूट उघडे पडलेत तुझे, धूळ बसतेय. त्याने बूट परत त्या खोक्यात ठेवले. झाकणाला भोकं आहेत अजून.

दाढीवाला आता वीतभर झालाय. वहिनींच्या खोलीतच आहे. पुतण्या कधीमधी दारात येऊन उभा राहतो. एकदा स्टुलावर बसलाही, हात पेटीत ठेवून. दुसऱ्या हातात फोन होता. वहिनी पलंगावरून म्हणाल्या, तो खाली ठेव. त्याने ठेवला नाही. सरडा आला नाही.

आणि खाली शिंपी सांगत असतो, हाताचा गुण हो, काहींना देवाने दिलेला असतो. ज्यांना आधी त्या हातावर घट्टे दिसले नाहीत म्हणून काम दिसलं नाही, त्यांनाच आता त्या हातावर सरडा दिसतो, तर तिथेही काम दिसत नाही. मी परवा शिंप्याला सांगितलं, तुला गुण पाहिजे ना, वर ये. स्टूल आहे, पेटी आहे, सरडा आहे. हात तेवढे धुऊन ये.

अजून आला नाही.